शार्त्रला जाताना दुर्बीण न्या

मी पहिल्यांदा फ्रान्समधल्या शार्त्रचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, बघायला गेलो तेव्हा फेब्रुवारी महिना होता, आभाळ गच्च भरलेलं होतं, दुपारचे साडेतीन वाजून गेले होते आणि माझ्याकडे दुर्बीण नव्हती. त्यामुळे मला दिसला तो अंधार, आणि त्या अंधारात उंचावर कुठेतरी निळे-तांबडे ठिपके. पाऊण तासात मी बाहेर आलो, दोन फोटो काढले आणि 'बघून झालं' म्हणत पॅरिसची गाडी पकडली. काहीच बघून झालं नव्हतं, हे पुढच्या खेपेला कळलं.

म्हणून हा लेख. पॅरिसच्या सहलीत एक दिवस मोकळा मिळाला की आपली मंडळी व्हर्सायचा राजवाडा नाहीतर डिस्नेलँड गाठतात. त्याऐवजी पॅरिसच्या नैऋत्येला, आगगाडीने तास-सव्वा तासावर असलेल्या शार्त्रला जा. तिथल्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या-तेराव्या शतकातल्या रंगीत काचांच्या सुमारे १७६ खिडक्या आहेत. सगळी काच मिळून साधारण २,६०० चौरस मीटर भरते, आणि त्यातली बरीचशी मूळची, जुनी आहे. इतकं दुसरीकडे कुठे टिकलेलं नाही. पण ही जागा नुसती फिरून कळत नाही, ती वाचावी लागते. माल्कम मिलर या इंग्रज अभ्यासकांनी १९५८ पासून कित्येक दशकं इथे लोकांना फिरवलं. ते या वास्तूला ग्रंथालय म्हणत. ग्रंथालयात जाऊन कुणी सगळी पुस्तकं एका दिवसात वाचत नाही. आपणही तीन-चार खिडक्या नीट वाचायच्या आणि बाकीच्या खुशाल सोडून द्यायच्या.

दिवस कोणता निवडायचा

जमलं तर शुक्रवार. कॅथेड्रलच्या फरशीत तेराव्या शतकातलं एक मोठं गोल चक्र आहे, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. एरवी त्याच्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणापर्यंत, साधारणपणे दर शुक्रवारी, दिवसा या खुर्च्या हलवतात. एखाद्या कार्यक्रमामुळे तसं होत नाही, म्हणून आदल्या दिवशी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर नजर टाका. उघडण्याच्या वेळा, मनोऱ्याचं तिकीट, तळघराच्या फेऱ्या हे सगळंही तिथेच बघून घ्या. ते ऋतूप्रमाणे बदलतं.

रविवारची सकाळ टाळा. मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) चालू असते आणि तेव्हा पर्यटकांना हिंडता येत नाही. शिवाय गावातली निम्मी दुकानं बंद.

ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी, म्हणजे मे-जूनच्या आसपास, पेंटेकॉस्टचा सण येतो. त्या शनिवार ते सोमवार हजारो माणसं, त्यात तरुण पोरंपोरी पुष्कळ, पॅरिसहून शार्त्रपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर पायी येतात. निशाणं, गाणी, गटागटाने चालणं, रात्री तंबूत मुक्काम, पायाला फोड. वारी बघितलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खिडक्या शांतपणे बघायच्या असतील तर हे तीन दिवस सोडा. माणसं बघायची असतील तर मुद्दाम सोमवारी जा.

आणखी एक तारीख: २१ जून. कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूच्या आडव्या दालनात, पश्चिमेकडच्या भागात, बाकीच्या फरशांशी तिरकी बसवलेली एक फरशी आहे आणि तिच्यात धातूची एक खूण. वरच्या संत अपोलिनारिसच्या खिडकीत एक बारीक छिद्र ठेवलेलं आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला की त्या छिद्रातून आलेला कवडसा बरोबर त्या खुणेवर पडतो. ही करामत १७०१ साली इथल्याच एका धर्मगुरूने केली. कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवाला गर्दीत उभं राहून मावळतीचा किरण चरणांपासून वर चढताना पाहिला असेल, तर ही फरशी बघताना ओळखीचं हसू येईल. फरक एवढाच की इथे वेळ दुपारची. आणि घड्याळात बारा वाजता तिथे जाऊन उभे राहू नका: फ्रान्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेलं असतं, खरी माध्यान्ह दोनच्या जरा आधी होते.

पिशवीत काय हवं

पहिली वस्तू दुर्बीण. पक्षी बघायला वापरतात ती आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरे. घरात नसेल तर कुणाची तरी मागून न्या, पण न्याच. वरच्या खिडक्या जमिनीपासून इतक्या उंच आहेत की नुसत्या डोळ्यांनी माणसाचं तोंडही ओळखू येत नाही, आणि फोनचा झूम तिथे अगदी केविलवाणा ठरतो.

दुसरी वस्तू स्वेटर किंवा शाल. जुलै-ऑगस्टमध्येही. दगडाची एवढी मोठी वास्तू आतून गारच राहते, आणि आपण तासन् तास बसणार आहोत. तिसरी, थोडी सुटी नाणी: मेणबत्ती लावायची असेल तर पेटीत टाकायला. चौथी, खिडक्यांचा नकाशा. इंटरनेटवर मिळतो, छापून न्या. आत अंधारात फोनचा पडदा बघितला की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ घेतात.

पोहोचायचं कसं

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून तेएर नावाच्या प्रादेशिक गाड्या सुटतात. स्थानक अवाढव्य आहे, त्याची दालनं एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून गाडीच्या वीस मिनिटं आधी तिथे पोहोचा. पॅरिसचा नाविगो पास इथे पूर्ण प्रवासाला चालत नाही: तो पॅरिसच्या प्रदेशापुरता आहे आणि शार्त्र त्याबाहेर पडतं. वेगळं तिकीट काढा. परतीच्या गाड्यांची वेळ जातानाच टिपून घ्या. रात्री गाड्या विरळ होतात.

शेवटच्या टप्प्यात खिडकीबाहेर लक्ष ठेवा. हा बोसचा प्रदेश, फ्रान्सचं गव्हाचं कोठार. सपाट शेतं आणि त्यांच्या पलीकडून अचानक दोन सुळके वर येतात, गाव दिसायच्या कितीतरी आधी. स्थानकातून बाहेर पडलात की दहा मिनिटांची चाल. रस्ता विचारावा लागत नाही.

बाहेर आधी दहा मिनिटंच

कॅथेड्रलचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तिथे सावली असते, म्हणून दारावरची शिल्पं आत्ता बघत बसू नका, ती दुपारी उन्हात बघायची. आत्ता फक्त दोन मनोरे बघा. उजवीकडचा साधा, निमुळता, सुमारे १०५ मीटर उंच, बाराव्या शतकातला. डावीकडचा त्याहून उंच आणि नक्षीने भरलेला: त्याच्यावरचा जुना लाकडी सुळका वीज पडून जळाला आणि त्या जागी झां द बोस नावाच्या कारागिराने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आजचा दगडी सुळका चढवला. दोघांत साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे. बेजोड दिसतात खरे, पण मला ते आवडतात. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ साली पडला आणि पुन्हा बांधलाच नाही. तरी ते एकांडं रूपच आता आपल्या डोळ्यांत बसलं आहे. तसंच हे.

बाकीचा इतिहास थोडक्यात, आत बसल्यावर उपयोगी पडेल तेवढा. इथे येशूची आई मेरी हिचं म्हणून मानलं जाणारं एक वस्त्र आहे. ते ८७६ साली राजा शार्ल याने दिल्याची परंपरा आहे. त्याच्या दर्शनाला यात्रेकरू येत. जून ११९४ मध्ये मोठी आग लागली. पश्चिमेचा दर्शनी भाग, मनोरे आणि तळघर वाचलं, बाकी सगळं गेलं. वस्त्रही गेलं असं लोकांनी धरलं होतं, पण तिसऱ्या दिवशी ते तळघरातून सुखरूप बाहेर आलं. मेरीला आणखी मोठं मंदिर हवं आहे, असा लोकांनी त्याचा अर्थ लावला आणि पैसा जमू लागला. जवळच्या बेर्शेरच्या खाणीतून दगड आला आणि जेमतेम तीस वर्षांत मुख्य बांधकाम उभं राहिलं. इतर कॅथेड्रलांना दोन-दोन शतकं लागली, त्या मानाने ही घाईच. त्या घाईमुळेच ही वास्तू एका हातची वाटते.

आत गेल्यावर आधी बसा

हे सांगूनही कुणी ऐकत नाही. आत पाय टाकला की माणूस फोन वर करतो. तसं करू नका. मधल्या सभामंडपात एखादी खुर्ची धरा आणि पंधरा मिनिटं गप्प बसा. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना सुरुवातीला काहीच दिसत नाही. हळूहळू निळा रंग पुढे येतो, मग तांबडा, मग आकृत्या.

बसल्या बसल्या छताकडे बघा. ते सुमारे ३७ मीटरवर आहे, आणि ते दगडाचं आहे. एवढं जड कमानदार छत भिंतींना बाहेर ढकलत असतं. पूर्वी हा रेटा पेलायला भिंती जाडजूड ठेवत, खिडक्या लहान. इथे कारागिरांनी रेटा बाहेर काढला: वास्तूच्या बाहेरच्या अंगाला दगडी कमानींचे धिरे लावले, घराच्या कललेल्या भिंतीला आपण लाकडी टेकू देतो तसेच. मग भिंतीला वजन पेलायचं काम फारसं उरलं नाही आणि तिच्या जागी काच बसवता आली. जुन्या गोव्याची चर्चेस बघितलेल्यांना हा फरक लगेच जाणवेल. तिथे डोळे जातात ते सोनेरी वेदीकडे, आणि खिडक्यांत शिंपल्यांच्या तावदानांतून दुधी उजेड येतो. इथे वेदी नंतर, भिंतच बोलते.

आता पायाखाली बघा. फरशीला किंचित उतार आहे. यात्रेकरू रात्री इथेच झोपत, मग सकाळी पाणी ओतून सगळं धुऊन काढायचं, यासाठी हा उतार ठेवल्याचं इथे सांगतात. देवळाच्या ओवरीत रात्र काढलेल्या कुणालाही ते पटेल.

भिंती काही ठिकाणी इतक्या पांढऱ्या-पिवळसर का, असा प्रश्न पडेल. गेल्या काही वर्षांत आतली शतकांची काजळी काढून तेराव्या शतकातला रंग परत आणायचं काम झालं. त्यावर मोठा वाद झाला. जुना काळोख गेला म्हणून पुष्कळ लोक हळहळले. काळोखात काचा जास्त उजळ दिसायच्या हे खरं आहे. पण मी काळोख आणि स्वच्छ भिंती दोन्ही बघितल्या आहेत, आणि माझं मत स्वच्छतेच्या बाजूने पडतं: काजळी ही मेणबत्त्यांची आणि आगीची, कारागिरांची नव्हे.

खिडकी वाचायची कशी

मुख्य काम इथून सुरू होतं, म्हणून सावकाश.

प्रत्येक खिडकी म्हणजे काचेच्या शेकडो तुकड्यांची गोधडी. काच वितळत असतानाच तिच्यात रंग घातलेला आहे, निळ्यासाठी कोबाल्ट. तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले. डोळे, नाक, कपड्याच्या चुण्या या काळपट तपकिरी रंगाने वरून रेखून भट्टीत भाजलेल्या. एवढं कळलं की दुर्बिणीतून बघताना मजा वाढते: चेहरा म्हणजे एकच तुकडा, आणि त्यावर चार रेघा.

वाचायचा क्रम बहुधा खालून वर, आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे. आपली सवय वरून खाली, म्हणून सुरुवातीला चुकतं. सगळ्यांत खालच्या चौकटींत पुष्कळदा देणगीदार असतात. कधी राजा, कधी सरदार, पण बऱ्याच ठिकाणी सुतार, बेकरीवाले, दारूविके, कातडी-फरचे व्यापारी, चांभार. आपल्या देवळाच्या पायरीवर नाव कोरतात ना, तसंच. फक्त इथे नावाऐवजी माणूस आपलं काम करताना दिसतो.

पहिली खिडकी ही घ्या. पश्चिमेच्या दारातून आत आल्यावर उजव्या हाताच्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूची खालची तिसरी. बायबलमधली दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट. तळाशी चांभार बसले आहेत, चामडं कापताहेत. त्यांनी दिलेली खिडकी. वर चला. एक वाटसरू यरुशलेमहून निघतो. पुढे चोर त्याला गाठतात. एक जण त्याच्या अंगातला सदरा ओढून काढतोय. मग एक पुरोहित आणि एक लेवी (मंदिराचा सेवक) येतात, बघतात आणि पुढे निघून जातात. शेवटी परक्या जातीचा म्हणून हिणवला जाणारा शोमरोनी येतो, जखमा बांधतो, त्याला जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो. इथे गोष्ट संपली असं वाटतं, पण खिडकी अजून अर्धी वर आहे. वरच्या भागात आदामाची निर्मिती, हव्वा, फळ, स्वर्गातून हकालपट्टी. का? कारण मध्ययुगीन प्रवचनकार वाटसरूला आदाम मानत. माणूस स्वर्ग सोडून निघाला, वाटेत पापाने त्याला लुटलं, धर्मशास्त्राने मदत केली नाही, परका आला त्याने वाचवलं. तो परका म्हणजे ख्रिस्त. खालची गोष्ट आणि वरची गोष्ट एकमेकींचा अर्थ सांगतात. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, त्याची आठवण व्हावी अशी बांधणी. या एका खिडकीला अर्धा तास द्या.

दुसरी खिडकी गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात आहे. हो, प्रदक्षिणामार्गच म्हणतो मी. गाभाऱ्यामागून फिरून यायची ही सोय यात्रेकरूंसाठीच केलेली आहे. दक्षिण बाजूने आत शिरलात की उजव्या भिंतीत 'बेल वेरिएर' लागते, म्हणजे 'सुंदर काच'. मांडीवर बाळ घेतलेली मेरी. मेरीची मधली चित्रं साधारण ११८० ची, आगीतून वाचलेली. भोवतालच्या चौकटी नंतरच्या, तेराव्या शतकातल्या. तिच्या वस्त्राच्या फिकट निळ्याकडे बघा आणि मग शेजारच्या खिडक्यांचा गडद निळा बघा. सांगावं लागणार नाही.

तिथून जवळच, त्याच बाजूला, आपल्या माणसांनी चुकवू नये अशी खिडकी आहे: बारा राशी आणि बारा महिने. चर्चमध्ये राशी कशा, असं मी पहिल्यांदा पुटपुटलो होतो. पण कॅलेंडर हे शेतकऱ्याचं, आणि शेतकरीच इथे येत होता. प्रत्येक महिन्याचं काम आणि त्याच्या जोडीला रास. फेब्रुवारीत माणूस शेकोटीपाशी पाय शेकत बसलाय. जुलैत कापणी, शेजारी सिंह. ऑगस्टमध्ये झोडपणी, शेजारी कन्या. सप्टेंबरात द्राक्षं तुडवणं, शेजारी तूळ. डिसेंबरात जेवणाचं ताट आणि मकर. आपली मकर रास जानेवारीच्या मध्यावर सुरू होते, त्यांची डिसेंबरात. सायन आणि निरयन हा वाद इथे काचेसमोर उभं राहून घरच्या पोरांना समजावता येतो.

तिसरं, उत्तरेकडचं मोठं गुलाबचक्र. ही खिडकी कास्तीय घराण्यातून आलेली फ्रान्सची राणी ब्लांश हिच्या काळातली, साधारण १२३० च्या दशकातली. फ्रान्सची कमळासारखी दिसणारी लिली-चिन्हं आणि कास्तीयचे किल्ले तिच्यात विखुरलेले दिसतात. मधोमध मेरी आणि बाळ. खाली पाच उंच आकृत्या, मधली संत अ‍ॅन, मेरीची आई. उत्तरेकडून थेट ऊन कमी येतं, म्हणून ही खिडकी दिवसभर बरीचशी एकसारखी दिसते. थेट ऊन आलं की बाकीच्या काचा चमकून चित्र पुसट होतं. पातळ ढगाळ दिवस काचांसाठी उत्तम. आभाळ आलं म्हणून हिरमुसू नका. माझ्या फेब्रुवारीसारखं गच्च मात्र नको.

या सगळ्या काचा इथे आहेत हे नवलच. दोन्ही महायुद्धांत त्या एकेक करून काढल्या, पेट्यांत भरून दूर नेल्या आणि पुन्हा बसवल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये मनोऱ्यात जर्मन निरीक्षक लपले असतील या संशयाने अमेरिकन फौज इमारतीवर तोफा डागणार होती. वेलबर्न ग्रिफिथ नावाच्या कर्नलने स्वतः आत जाऊन पाहिलं, कुणी नाही म्हणून कळवलं आणि मारा टळला. त्याच दिवशी, १६ ऑगस्टला, शेजारच्या लेव्ह गावात तो मारला गेला.

गाभाऱ्यापाशी

गाभाऱ्याभोवती दगडी पडदी आहे, तिच्यावर मेरीच्या आणि ख्रिस्ताच्या आयुष्यातले चाळीस प्रसंग कोरलेले. हे काम झां द बोसनेच १५१४ मध्ये सुरू केलं आणि अठराव्या शतकापर्यंत रेंगाळलं. सुंदर आहे, पण खिडक्यांनंतर डोळे थकलेले असतात, मी बहुतेक वेळा नुसता चालत जातो. उत्तर बाजूला खांबावरची मेरी मात्र थांबवते. लाकडी मूर्ती, खांबावर बसवलेली; पूर्वी तिला भरजरी कापडी वस्त्रही नेसवत. समोर मेणबत्त्या, गुडघे टेकलेल्या बाया. सारा परका प्रकार अचानक घरचा वाटायला लागतो.

शिष्टाचार इथेच सांगतो. धर्म कोणताही असो, आत यायला कुणी अडवत नाही. टोपी काढायची, फोनचा आवाज बंद, खांदे झाकलेले असलेले बरे. चपला-बूट काढायचे नसतात. आपल्याकडची एखादी आजी हमखास दाराशी वाकते, तिला आधीच सांगून ठेवा. फोटो चालतात, फ्लॅश नको. मिस्सा चालू झाली तर मागे बसून ऐकावी. पण लोक रांगेने पुढे जाऊन पवित्र भाकर घेतात, त्या रांगेत प्रसाद समजून उभं राहू नका. ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. वसई-गोव्याकडचे मित्र सोबत असतील तर ते जातील, आपण जागेवर बसायचं. मेणबत्ती कुणीही लावू शकतं.

लॅबिरिंथ

सभामंडपाच्या मधोमध, जवळजवळ तेरा मीटर व्यासाचं चक्र. याला भूलभुलैया म्हणणं चूक आहे, कारण यात वाट चुकायला फाटाच नाही. एकच वाट, अकरा वेढे, केंद्रापर्यंत सुमारे २६० मीटर. केंद्र हाताच्या अंतरावर येतं आणि वाट पुन्हा बाहेरच्या कडेला घेऊन जाते. लोक अनवाणी चालतात, काही डोळे मिटून. मागे हळू चालणारा कुणी असेल तर ओलांडून पुढे जायला हरकत नसते. साधारण वीस मिनिटं धरा. पोरं पळत सुटतात, त्यांना धरा.

जेवण

एव्हाना एक वाजला असेल. कॅथेड्रलच्या अगदी समोरच्या टेबलांवर महाग पडतं, दोन गल्ल्या खाली उतरा. शाकाहारी असाल तर 'सां व्यांद, सां प्वासों' (मांस नको, मासे नको) पाठ करा. नुसतं 'सां व्यांद' म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो, मला आला आहे. बकरीच्या चीजचं सॅलड आणि पाव बहुतेक ठिकाणी मिळतो. गावाची खासियत म्हणजे 'मेंचिकोफ' नावाची मिठाई: चॉकलेट-प्रालिनवर (साखरेत घोळलेल्या सुक्या मेव्याच्या लगद्यावर) मेरांगचं, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांचं, पांढरं कवच. घरी न्यायला बरी.

पाय शाबूत असतील तर उर नदीकाठच्या खालच्या गावात उतरा. दगडी पूल, जुनी धोबीघाटं, आणि पाठीमागून दिसणारं कॅथेड्रल. खाली उतरलं की परत चढ आहे, हे लक्षात ठेवा.

दुपार: दारं, तळघर आणि पश्चिमेच्या काचा

अडीच-तीननंतर पश्चिमेच्या दर्शनी भागावर ऊन येतं. याला राजद्वार म्हणतात, ११४५ ते ११५५ च्या सुमाराचं. दोन्ही बाजूंना खांबासारखे ताठ, लांबट राजे-राण्या उभ्या आहेत. कपड्याच्या चुण्या रेघोट्यांसारख्या सरळ. दुर्बीण पुन्हा काढा आणि उजव्या दाराच्या कमानीत शिरा. तिथे त्या काळच्या शिक्षणातल्या सात विद्या आहेत: व्याकरण, संगीत, भूमिती, गणित वगैरे, आणि प्रत्येकीच्या खाली तिचा एक जुना पंडित. संगीतापाशी पायथागोरस. व्याकरणाच्या बाईंच्या हातात छडी, पायाशी दोन पोरं, आणि एक पोरगं दुसऱ्याचे केस ओढतंय. नऊशे वर्षांत वर्ग बदललेला नाही.

डाव्या दाराच्या कमानीत पुन्हा बारा महिने आणि राशी आहेत. मोजून बघा, राशी दहाच भरतील. जागा पुरली नाही म्हणून मीन आणि मिथुन उजव्या दाराकडे ढकलल्या आहेत. एवढ्या मोठ्या कामातही हिशेब चुकला, हे बघून मला फार बरं वाटतं.

त्यानंतर दोनपैकी एकच निवडा: मनोरा किंवा तळघर. मनोऱ्याचा जिना दगडी, अरुंद, गोल फिरणारा. गुडघ्यांची तक्रार असेल तर नको. वरून कॅथेड्रलचं हिरवं तांब्याचं छप्पर जवळून दिसतं. दगडी छतावरच्या या छपराचं जुनं लाकूडकाम १८३६ च्या आगीत गेलं आणि त्याजागी लोखंडाचा सांगाडा आला, त्या काळासाठी अगदी नवा प्रयोग. तळघर गाइडबरोबरच बघता येतं आणि फेरी बहुधा फ्रेंचमध्ये असते. आत अकराव्या शतकातल्या लांबच लांब कमानी आहेत आणि एक खोल विहीर. भाषा येत नसेल तरी मी तळघरच निवडीन; तिथली ओल आणि शांतता वर कुठेच नाही.

शेवटी पुन्हा आत जा. साधारण चार ते सहाच्या दरम्यान, ऋतूप्रमाणे. आता सूर्य पश्चिमेला आहे आणि राजद्वाराच्या वरच्या तीन उंच खिडक्या पेटलेल्या असतात. या बाराव्या शतकातल्या, आगीआधीच्या. उजवीकडची जेसीचा वृक्ष: खाली झोपलेल्या म्हाताऱ्या जेसीच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, अंगातून झाड उगवलंय, फांदीफांदीवर राजे, शेंड्याला ख्रिस्त. वंशावळच ती, खालून वर वाचायची. मधली ख्रिस्ताच्या जन्म-बालपणाची, डावीकडची त्याच्या यातनांची आणि पुनरुत्थानाची. जेसीच्या झाडामागचा निळा बघताना सकाळची 'बेल वेरिएर' आठवा. खुर्चीचं तोंड पूर्वेला असतं, ती उलटी फिरवून बसा. कुणी काही म्हणत नाही.

साधारण एप्रिल ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अंधार पडल्यावर गावातल्या इमारतींवर रंगीत दिव्यांचे देखावे टाकतात, राजद्वारावरही. जूनमध्ये अंधार दहानंतर पडतो, तेव्हा शेवटची गाडी आणि देखावा यांतलं एक काहीतरी सोडावं लागतं. मी देखावा सोडतो. स्थानकाच्या फलाटावर गाडीच्या दिशेने तोंड करून उभं न राहता गावाकडे तोंड करून उभे राहा. घरांच्या वर ते दोन बेजोड सुळके दिसतात, आणि दुर्बीण अजून गळ्यातच असते.